एकाच शाळेत नवरा-बायको : दोघांनी एकाच दिवशी रजा घ्यावी तरी कशी?

येळवस (धागाकर्ती)

नमस्कार. हा धागा संसाराविषयी आहे की कार्यालयीन कामकाजाविषयी, याचा निर्णय मला स्वतःला करता आलेला नाही. प्रशासकांना योग्य वाटेल त्या विभागात त्यांनी तो हलवावा.

आम्ही दोघेही लातूर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षक आहोत. लग्नानंतरची बरीच वर्षे मी उदगीरच्या पलीकडे आणि आमचे 'हे' औशाच्या बाजूला, असा संसार झाला. घर लातुरात, पण त्या घरात जास्त वेळ राहिल्या त्या फक्त सासूबाई. २७ फेब्रुवारी २०१७ च्या शासन निर्णयाने शिक्षकांच्या बदल्यांचे नवे धोरण आले, त्यात पती-पत्नी एकत्रीकरणाचा वेगळा संवर्ग ठेवला गेला आणि दोघांच्या शाळांमध्ये तीस किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असेल तर त्या संवर्गातून अर्ज करता येऊ लागला. नवरा-बायकोमध्ये नेमके किती अंतर पडले आहे, याचा दाखला अभियंता देतो, हे मला त्या वेळी प्रथम कळले. आमचे अंतर निकषापेक्षा पुष्कळच भरले आणि यथावकाश, एका फेरीत हुकून दुसऱ्या फेरीत, मला यांच्याच शाळेतली रिक्त जागा मिळाली. पेढे वाटले.

आता अडचण सांगते. आमच्या शाळेचा पट साठच्या आत आहे आणि २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठपर्यंत मुले असली की दोन शिक्षक मिळतात. याचा अर्थ आमच्या शाळेचा संपूर्ण शिक्षकवृंद आमच्या एका शिधापत्रिकेत मावतो. वयाने हे मोठे असले तरी सेवाज्येष्ठतेत मी वर असल्यामुळे मुख्याध्यापकपदाचा प्रभार माझ्याकडे आला. तेव्हापासून गावच्या कमानीच्या बाहेर 'अहो' आणि 'अगं', कमानीच्या आत 'सर' आणि 'मॅडम', असा नियम आम्ही आपसात ठरवला आहे. तो बहुतेक पाळला जातो. अडचण एवढीच की कमानीपाशी आलो तेव्हा जे बोलणे अर्धे झालेले असते, ते पुढे कोणत्या पदनामाने पूर्ण करायचे हे ठरलेले नाही. 'अहो, गॅसचा नंबर लावला का' हा प्रश्न कमानीत शिरता शिरता 'सर, गॅसचा नंबर लावला का' असा होतो, आणि रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या पालकांना वाटते की पोषण आहाराचा गॅस संपला.

खरा पेच रजेचा आहे. येत्या फेब्रुवारीत यांच्या भाचीचे लग्न नांदेडला आहे, आणि तेही बुधवारी. नवरीला मांडवात आणायचे ते मामाने, त्यामुळे यांना जाणे भागच आहे. आणि मामा आला, मामी आली नाही, असे झाले तर त्याची चर्चा त्या भाचीच्या मुलांच्या लग्नापर्यंत चालेल, हे मराठवाड्यातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. दोघे गेलो तर शाळेला कुलूप. यांनी रीतसर किरकोळ रजेचा अर्ज माझ्या टेबलावर आणून ठेवला : 'महोदया, माझ्या सख्ख्या भाचीचा विवाह असल्याने मला एक दिवसाची किरकोळ रजा व मुख्यालय सोडण्याची परवानगी मिळावी, ही विनंती.' मी लाल शाईने लिहिले, 'विद्यार्थ्यांचे शैक्षणिक नुकसान होणार नाही याची दक्षता घेऊन मंजूर.' त्यावर यांनी उभ्या उभ्या विचारले, 'आणि मॅडमच्या रजेचं काय?' माझी रजा मंजूर व्हायची ती केंद्रप्रमुखांकडून, आणि शाळेत दुसरा शिक्षक नाही म्हटल्यावर ती कशी मंजूर होईल?

शासनाने आम्हाला एकत्र आणले ते असे की आता एकत्र कुठे जाता येत नाही. वेगवेगळ्या शाळांत होतो तेव्हा एकाच दिवशी रजा टाकून आम्ही तुळजापूरला जाऊन आलेलो आहोत. एकाच ठिकाणी काम करणाऱ्या जोडप्यांनी कृपया सांगावे, तुम्ही हे कसे जमवता? केवळ रजेचेच नव्हे, एकूणच.

गोदाकाठ

धागा वाचून आम्हा उभयतांची करमणूक झाली. आम्ही दोघे बँकेत आहोत. आमच्याकडे पती-पत्नीला एका शाखेत ठेवत नाहीत आणि त्यामागचे कारण योग्य आहे. बँकेत प्रत्येक मोठा व्यवहार एकाने नोंदवायचा आणि दुसऱ्याने तपासून मंजूर करायचा असतो; ते दोघे एकाच घरात जेवत असतील तर तपासणीला अर्थ उरत नाही. त्यामुळे ती शहरातल्या एका शाखेत आणि मी दुसऱ्या.

तथापि ही पद्धत घरी मात्र पूर्ण ताकदीने चालू आहे. भाजी मी आणायची, मंजुरी तिने द्यायची. परवा मेथीच्या तीन जुड्या आणल्या, तर तिने एक जुडी देठ जून असल्याच्या शेऱ्यासह परत पाठवली. आमच्या घरातली नोंद बाद करण्याचे अधिकार कोणाकडे आहेत, हे यावरून लक्षात यावे.

तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. मात्र मार्चअखेर आम्हा दोघांनाही रजा नसते आणि त्या काळात दोन्हीकडच्या नातेवाईकांना तोंड दाखवण्याची वेळच येत नाही, हा एक लाभ आहे.

गंजगोलाई

आमची लातूरच्या मोंढ्यात आडत आहे. दुकान सासऱ्यांचे, पुढे मालकांकडे आले. मी वाणिज्य पदवीधर असल्यामुळे आधी फक्त खतावणी उतरवून देत असे आणि आता पूर्ण हिशेब माझ्याकडे आहे. नोकरदार मंडळींना कमानीचा नियम करता येतो. आमच्याकडे दुकानातला मुनीम जेवायला घरी येतो आणि घरातले भांडण दुकानात जाते, त्यामुळे सीमा आखणार तरी कुठे?

एक उदाहरण देते. सोयाबीनचा हंगाम होता. हमीभावाच्या खरेदीत ओलावा १२ टक्क्यांपर्यंत चालतो, त्यामुळे शेतकरीही आता यंत्र पाहूनच बोलतात, म्हणून मी ओलावा मोजायचे यंत्र घ्यायला लावले. मालकांचा यंत्रावर विश्वास नाही. ते पोत्यात हात घालतात, खालून मूठभर दाणे काढतात, त्यातला एक दाढेखाली धरून चावतात आणि आवाजावरून आकडा सांगतात. कट् असा आवाज आला तर माल कोरडा, नुसताच दबला तर ओला. एका शेतकऱ्यासमोर त्यांनी दाणा चावून 'अकरा' सांगितले आणि मी यंत्र लावले तर चौदा निघाले. शेतकरी हुशार होता. तो म्हणाला, 'वहिनी, मला मालकाचा दात पटला.' त्या दिवशी घरी गेल्यावर मालकांनी पिठलं नुसते जिभेवर ठेवून 'मीठ साडेतीन टक्के कमी' असा निकाल दिला. मी यंत्र आणायला उठले, तेव्हा कुठे गप्प जेवले.

आणखी एक गोष्ट खास धागाकर्तीसाठी. मालकांना स्वतःच्या दुकानातून पैसे हवे असतील तर मी ते 'उचल' म्हणून त्यांच्या नावे टाकते. पाडव्याला खाते मिटवताना ती बेरीज त्यांच्यासमोर वाचून दाखवते. बाकी शेतकऱ्यांच्या उचलीवर ते जेवढी चौकशी करतात, तेवढीच मी त्यांच्या उचलीवर करते. त्यामुळे चहा-पानाचा खर्च दृष्टीस पडेल इतका कमी झाला आहे.

दुधनाकाठ

मी या विषयावर शिक्षक म्हणून नव्हे तर विद्यार्थी म्हणून बोलू शकतो. परभणी जिल्ह्यातल्या आमच्या गावच्या शाळेत गुरुजी आणि बाई हे नवरा-बायको होते आणि चौथीपर्यंत आम्ही त्यांच्या हाताखाली शिकलो. मोठ्यांना वाटते की लेकरांना काही कळत नाही. प्रत्यक्षात आम्हाला परिपाठाच्या वेळेसच सगळे कळत असे.

बाईंनी गुरुजींना 'गुरुजी, जरा पंचांग सांगता का' असे म्हटले की वातावरण उत्तम आहे असे समजावे. तेच त्या मुलांकडे बघत 'आज पंचांग कोण सांगणार आहे ते त्यांना विचारा' असे म्हणाल्या की आम्ही आपोआप रांगा सरळ करायचो. अशा दिवशी गुरुजी पहिलीपासून चौथीपर्यंतच्या सगळ्या पोरांना मैदानावर घेऊन जात आणि ऊन चढेपर्यंत कवायत चाले. आमच्या शाळेने तालुक्याच्या क्रीडा स्पर्धेत सांघिक कवायतीचे बक्षीस मिळवले होते आणि त्याचे श्रेय त्या संसारालाच द्यावे लागेल.

डब्याचीही गोष्ट होती. एरवी ऑफिसच्या खोलीत दोघांचा एकच कप्प्यांचा डबा उघडत असे. वरच्या कप्प्यात शेंगदाण्याची चटणी आणि कांदा, मधल्यात येसराची आमटी किंवा एखादे कोरड्यास, खालच्यात ज्वारीच्या भाकरी चतकोर मोडून बसवलेल्या. ज्या दिवशी तो डबा बाई एकट्या उघडत, त्या दिवशी गुरुजी आमच्या पंगतीत येऊन खिचडी खात आणि ती किती सुंदर झाली आहे हे ऑफिसपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात स्वयंपाकाच्या मावशींना सांगत. मावशी फार शहाण्या होत्या. त्या म्हणत, 'गुरुजी, एवढं जोरात नका सांगू, उद्या मलाच तरास हाय.'

आज आम्ही वर्गमित्र भेटलो की पाढ्यांपेक्षा हेच जास्त आठवते.

रामलिंग

सर्वांचे लेखन वाचून हसू आले हे मान्य करतो. परंतु मी पालकही आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीचा सदस्यही, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्या भागातल्या एका शाळेत असेच जोडपे होते. त्यांच्या घरचे कार्य निघाले की शाळा अर्ध्या दिवसात सुटायची. लेकरं दप्तर घेऊन वावरात येऊन बसायची. गुरुजींच्या घरचा दुखवटा, बारसे, साखरपुडा या साऱ्यांची वार्ता आम्हाला पत्रिकेआधी शाळेच्या कुलपावरून कळत असे. एकत्रीकरण हा शिक्षकांचा हक्क असेल, पण दोन शिक्षकी शाळेत दोन्ही जागा एकाच घरात देऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. राग मानू नये.

येळवस

रामलिंग, राग मुळीच नाही. उलट तुमच्यासारखा सदस्य आमच्या समितीवर असता तर मला हा धागा काढावा लागला नसता, कारण परस्पर शाळा सोडून देण्याचा मार्ग मी मुळात विचारातच घेतलेला नाही. दोन्ही जागा एका घरात नसाव्यात हे तुमचे म्हणणे तत्त्वतः योग्य असेल. पण जवळच्या दुसऱ्या शाळेत जागा रिक्त नव्हती आणि बदलीच्या यादीत शाळा आपल्याला निवडते, आपण शाळेला नव्हे.

दुधनाकाठ, तुम्ही मला काळजीत टाकले. आमची मुलेही असे काही ओळखत असतील हे लक्षात आले नव्हते. दुसऱ्याच दिवशी परिपाठात मी नीट निरीक्षण केले, तर तिसरीतल्या दोघी माझ्याकडे आणि मग यांच्याकडे पाहून एकमेकींना कोपराने ढोसत होत्या. आदल्या रात्री आमच्यात पाण्याच्या मोटारीवरून बोलणे झाले होते. लातुरात नळाला पाणी कोणत्या दिवशी आणि किती वाजता सुटेल यावर ज्यांचा संसार चालतो त्यांना हा विषय समजेल. पाणी सुटले, मोटार लावायची राहिली आणि टाकी कोरडी गेली. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्या शहरात ही चूक क्षमेच्या पलीकडची मानली जाते. चूक कोणाची, हे मी येथे लिहीत नाही, कारण हे सुद्धा हा धागा वाचतात.

राहता राहिली खिचडी. मुलांना वाढण्याच्या अर्धा तास आधी आहाराची चव घेऊन नोंदवहीत तशी नोंद करायची असते, हे काम मी सरांकडे दिले आहे. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, त्याप्रमाणे तांदूळ मोजून देणे माझ्याकडे. त्या नोंदवहीचे मी परवा पान उलटले. 'चव उत्तम.' 'वरण घट्ट व चविष्ट.' 'मसालेभात अप्रतिम, मीठ योग्य.' पानामागून पान, सुवाच्य अक्षरात, खाली सही. लग्न झाल्यापासून माझ्या स्वयंपाकाला मिळालेला सर्वोच्च शेरा 'चालतंय की' हा आहे. मी मुख्याध्यापक या नात्याने नोंदवहीवर प्रतिस्वाक्षरी केली आणि संध्याकाळी घरी एक कोरी वही डायनिंग टेबलावर ठेवली. अद्याप तिच्यात एकही नोंद झालेली नाही.

१७ सप्टेंबरचेही सांगून टाकते. इतर महाराष्ट्राला ठाऊक नसेल, पण १९४८ साली त्या दिवशी निजामाची राजवट संपली म्हणून आपल्या मराठवाड्यात मुक्तिसंग्राम दिनाचे ध्वजारोहण असते. आमच्या शाळेत ध्वजाची घडी घालून, आत झेंडूच्या पाकळ्या ठेवून गाठ बांधण्याचे काम सर करतात आणि दोरी मुख्याध्यापक म्हणून मी ओढते. गेल्या वेळी सरपंच, पोलीस पाटील, अंगणवाडीच्या ताई असे सारे गाव समोर उभे असताना गाठ सुटेना. मी कुजबुजत विचारले, 'कशी बांधलीय?' हे सावधान स्थितीत, समोर बघत, ओठ न हलवता म्हणाले, 'सरळ ओढा, तिरकं ओढू नका.' दुसऱ्या हिसक्याला पाकळ्या पडल्या आणि सारे सुरळीत पार पडले. पण परतीच्या वाटेवर, कमान ओलांडताक्षणी, गाठीच्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी तोंड फुटले ते लातूरच्या पहिल्या चौकापर्यंत पुरले. गाठ घट्ट होती की ओढ तिरकी होती, हा मुद्दा आमच्याकडे न्यायप्रविष्ट आहे.

घाटवाट

मी कोकणात आहे आणि सौ. अंबाजोगाईजवळ. दोघेही शिक्षक, पण जिल्हे वेगळे, त्यामुळे आमचे प्रकरण आंतरजिल्हा बदलीत अडकले आहे. तुमची भांडणे मी अत्यंत हेव्याने वाचतो आहे.

आमच्या वाडीत मोबाइलला रेंज नाही. बोलायचे तर शाळेमागचा डोंगर चढून कातळावर जावे लागते. साधे बोलणे असेल तर ठीक असते. पण सकाळी तिचा एखादा खोचक संदेश आला आणि त्याला तितकेच खोचक उत्तर द्यायचे मनात असले, तर शाळा सुटल्यावर डोंगर चढेपर्यंत दम लागतो आणि वर पोहोचल्यावर तोंडातून पहिले वाक्य 'हॅलो, जेवलीस का' हेच निघते. ती तिकडे भांडणाच्या पूर्ण तयारीत बसलेली असते. तिचा होणारा विरस मला इथवर ऐकू येतो. एकदा ती म्हणाली, 'तुम्ही खाली असतानाच लिहून आणत जा ना, काय बोलायचं ते.' तेव्हापासून मी टाचण काढून नेतो.

दोन घंटी

मी एस.टी.त वाहक, आमचे मालक चालक, आगार एकच. शक्यतो ड्युटी वेगवेगळ्या गाड्यांवर लागते, पण सणासुदीला किंवा यात्रेच्या जादा गाड्यांना माणसे कमी पडली की एकाच गाडीवर लागते. एक घंटी दिली की गाडी थांबवायची, दोन घंट्या दिल्या की सोडायची, हे सर्वांना माहीत आहे. गाडीत मी दोन घंट्या दिल्याशिवाय हा माणूस गियर टाकत नाही आणि एक घंटी दिली की भर चढावर थांबतो. इतका आज्ञाधारक चालक आगारात दुसरा नाही असे आमचे आगारातले साहेबही म्हणतात. घरी मात्र गिरणीतून दळण आणा हे चार वेळा सांगावे लागते. मी एकदा स्वयंपाकघरातून ताटावर उलथन्याने दोनदा टण् टण् वाजवून पाहिले. उठले आणि गेले. तेव्हापासून तीच पद्धत चालू आहे. शेजारच्या बायकाही आता विचारायला येतात.

आमच्या सासूबाईंचे वय पंचाहत्तरच्या पुढे आहे. ऑगस्ट २०२२ पासून त्या वयाच्या प्रवाशांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि आमच्या घरातला शेवटचा एकांत संपला. आम्हा दोघांची ड्युटी एकाच गाडीवर आहे असे कळले की त्या पिशवी घेऊन तयार. कुठे जायचे म्हटले तर 'गाडी जाईल तिथं.' त्यांना मी शून्य रकमेचे तिकीट फाडून देते, त्या ते नीट घडी करून कनवटीला लावतात आणि चालकामागच्या पहिल्या बाकावर बसून दोघांच्याही कामावर लक्ष ठेवतात. 'त्या म्हाताऱ्याला सुट्टे का दिले नाहीस' हे मला, आणि 'वळणावर हळू' हे लेकाला. अधिकृत तपासणी पथक यांच्यापुढे काहीच नाही.

गोदाकाठ

उलथन्याच्या दोन घंट्या आमच्या घरी आज वाजवून पाहिल्या. उत्तर आले, 'व्यवहार नामंजूर.'

शेरेबुक

मी केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो. धागा करमणुकीकडे गेला ते चांगलेच झाले, परंतु भगिनींनी विचारलेला मूळ प्रश्न प्रशासकीय आहे आणि त्याचे उत्तर कोणी दिलेले नाही, म्हणून लिहितो.

दोन शिक्षकी शाळेत दोघांनाही एकाच दिवशी जाणे अपरिहार्य असेल, तर आधी लेखी अर्ज करून केंद्रातल्या जास्त शिक्षक असलेल्या शाळेतून एका शिक्षकाची त्या दिवसापुरती तुमच्या शाळेवर व्यवस्था करून घ्यावी. माझ्या काळात मी हे अनेकदा केले आहे. फोनवर सांगितलेले चालत नाही, कारण फोनवरचे 'बघू' हे नंतर 'मी कधी म्हणालो' असे होते. अर्ज आठ-दहा दिवस आधी द्या. त्यात कारण स्पष्ट लिहा आणि लग्नपत्रिका जोडा. शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांच्या कानावर आधीच घाला, म्हणजे रामलिंग यांच्यासारख्यांचा रास्त आक्षेप येणार नाही. येणाऱ्या शिक्षकाला हजेरीपट, धान्याची किल्ली आणि साठा नोंदवही आदल्या दिवशी ताब्यात द्या आणि पोच घ्या. हालचाल नोंदवहीत 'विवाहास' असे लिहू नका; रजेवर आहात, दौऱ्यावर नाही.

आता निवृत्तीनंतर सांगायला हरकत नाही, म्हणून एक प्रसंग लिहितो. अशाच एका जोडप्याच्या शाळेला मी भेट दिली होती. हजेरीपटावर गुरुजींच्या नावापुढे लाल शाईने उशिराची खूण होती आणि बाई वेळेवर. मला दोघे एका मोटारसायकलवरून येतात हे ठाऊक होते. मी विचारले, बाई, हे कसे? त्या शांतपणे म्हणाल्या, 'मी फाटकापाशी उतरले, तेव्हा घंटा व्हायची होती. सर गाडी लिंबाखाली लावायला गेले आणि तिथे सरपंचांच्या वडिलांशी कापसाच्या भावावर बोलत उभे राहिले. परिपाठ संपल्यावर आत आले.' गुरुजी तोंड खाली घालून फळा पुसत होते. मी शेरेबुकात लिहिले, 'शाळेची शिस्त अनुकरणीय आहे.' जाताना गुरुजी माझ्या मागे फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, 'साहेब, शेरा खरा आहे, पण तुम्ही परत आलात की जरा आधी कळवा.'

बालाघाट

मूळ विषयावर एकच सुचवतो. लातूर-धाराशिवकडे वेळ अमावस्येला स्थानिक सुट्टी असते. नातेवाईकांनी लग्नाचा मुहूर्त त्या दिवसाचा काढला तर सगळेच प्रश्न सुटतील. अमावस्येचा मुहूर्त कोणी गुरुजी काढून देत असतील तर कळवावे.

येळवस

बालाघाट, त्या दिवशी मांडवात नव्हे, वावरात जायचे असते. भज्जी आणि आंबील सोडून लग्नाच्या पंगतीला कोण येईल?

शेरेबुक सर, आपले मनापासून आभार. आपण लिहिल्याप्रमाणे अर्ज दिला, पत्रिका जोडली. पत्रिकेत निमंत्रक म्हणून मामा-मामी अशी आमची दोघांची नावे छापलेली असल्यामुळे कारण पटवावे लागले नाही. आमच्या केंद्रप्रमुखांनी शेजारच्या गावातल्या शाळेतले एक शिक्षक त्या दिवसापुरते देण्याचे लेखी मान्य केले आहे. अध्यक्षांशी बोलले. ते म्हणाले, 'मॅडम, जाऊन या, पण दोघे सोबतच परत या, नाहीतर गावात भलतंच व्हायचं.' तांदूळ आदल्या दिवशी मोजून वेगळा ठेवणार आहे. चवीची नोंद येणारे शिक्षक करतील. पाहू या, त्यांना मसालेभात कितपत अप्रतिम लागतो.

हे म्हणाले, जाण्यासाठी मोटारसायकल नको, सकाळच्या एस.टी.ने जाऊ. लातूरहून अहमदपूर, लोहामार्गे नांदेडला वेळेत पोहोचवणारी गाडी कोणती, हे दोन घंटी ताई सांगतील का?

दोन घंटी

सांगते की. पहाटे पहिली सुटते ती धरा, मुहूर्त दुपारचा असला तरी मामाला लवकर लागतं. लग्नाची तिथी आहे, गर्दी होईल, तेव्हा आरक्षण आधी करून ठेवा; ओळखीवर जागा धरून ठेवायची सोय माझ्याकडे नाही. त्या गाडीवर आमच्या दोघांची ड्युटी लागली तर पहिले बाक सोडून मागचे घ्या, तिथे सासूबाई असतात आणि त्या दोघांचीही पूर्ण चौकशी करतील. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, त्यामुळे मॅडमचे निम्मे पडेल आणि सरांचे पूर्ण. त्यावरून गाडीत वाद घालू नये, गाडी कमानीच्या बाहेर असली तरी.